मागच्या खोलीतला डोमा

दवाखाना रविवारी बंद असतो, म्हणून हे काम रविवारवर ढकललेलं. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा हा दवाखाना. बैठी इमारत, पुढे कडुनिंब, मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. आसपासच्या गावांतले सिकलसेलचे, रक्ताच्या त्या आनुवंशिक दुखण्याचे, पेशंट इथेच येतात. त्यांच्या आणि दवाखान्यातल्या लोकांच्या, त्यांच्या घरच्यांच्या मिळून सहा हजारांवर नोंदी ज्या कॉम्प्युटरमध्ये होत्या तो दिवाळीत बसला. नवा आला, आणि तो लावून द्यायला आंधळगावचा अंकुश उके मोटरसायकल काढून निघाला.

महिना नोव्हेंबरचा, पण आभाळ भलतंच. कापलेला धान बांध्यांत पडलेला आणि वर अवकाळी ढग असे उतरून आलेले, की सकाळी अकराला गाड्यांचे दिवे लागले होते. अंकुशला त्याचं काही नव्हतं. कॉम्प्युटरवाल्या माणसाला आभाळ तसंही खिडकीपुरतंच दिसतं. त्याला घाई होती ती वेगळीच. सोमवारी पेशंट येणार, आणि त्या पेशंटांत त्याची धाकटी बहीण खुशबूही होती. बावीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी हाडांतल्या कळांनी अंथरूण धरणारी. वडील गेल्यापासून घरात आई आणि हे दोघं. पुण्याची चांगली नोकरी सोडून अंकुशनं भंडाऱ्यात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं ते तिच्याचसाठी, पण तसं तो कधी बोलून दाखवत नसे.

कुलूप उघडायला भैय्याजी आले होते. तीस वर्षं याच दवाखान्याच्या खिडकीवर कारकून होते. निवृत्त झाले तरी रविवारची किल्ली त्यांच्याकडेच. वाळलेले, सावकाश बोलणारे, आणि दुसऱ्याच्या कामात मनापासून रस घेणारे. असा माणूस जवळ बसला की काम समजावून सांगावंच लागतं.

काम तसं दोन प्रोग्रामांचं. एक पुढे, खिडकीवर बसतो. त्याचं नाव अपाची. कोणी कार्डाचा नंबर विचारला की तो ऐकून घेतो, पण नोंद शोधणं त्याला स्वतःला येत नाही. दुसरा बसतो मागे. तो टॉमकॅट, जावा नावाच्या आणखी एका प्रोग्रामच्या आधारावर चालणारा. पुढच्यानं मागच्याला हाक द्यायची, मागच्यानं नोंद आणून पुढच्याच्या हातात ठेवायची. हाक कोणाला द्यायची, त्याचं नाव एका छोट्या फायलीत लिहून ठेवावं लागतं. एवढीच सगळी जादू.

भैय्याजी हसले. "मंजे मी आन् डोमा," ते म्हणाले.

डोमा म्हणजे रेकॉर्ड रूमचा शिपाई. कॉम्प्युटर यायच्या आधी भैय्याजी खिडकीतून चिठ्ठीवर नंबर लिहून मागे सरकवायचे, आणि डोमा अनवाणी पायांनी रॅकांमधून फिरून फाईल आणून द्यायचा. बोलायचा कमी, दिवसभर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. अक्षरओळख नव्हती, आकडे तेवढे ओळखायचा, पण सहा हजार फायली त्याला हातासरशी सापडत. तीन वर्षांपूर्वी तो गेला. पहिला कॉम्प्युटर लावायला आलेल्या प्रविण नावाच्या पोरानं तो कॉम्प्युटर डोमाच्याच खोलीत ठेवला होता, आणि मागच्या प्रोग्रामला कौतुकानं नावही डोमाच दिलं होतं. ते सांगताना भैय्याजींचं हसू जरा आवरलं. खोली अजून तशीच आहे, फायलींसकट, कुलूप लावून. अंकुशच्या पाठीमागेच, एका भिंतीपलीकडे.

अंकुशची कामाची एक रीत होती. तो आधी पुढचा प्रोग्राम चालू करायचा आणि मागचा मुद्दाम बंद ठेवायचा. मग एक नंबर विचारायचा. मागे कोणीच नसलं की अपाची पाचशे तीन असा आकडा दाखवतो. म्हणजे, हाक दिली पण कोणी ओ देत नाही. तो आकडा दिसला की अंकुशला बरं वाटे. खिडकी नीट बसली, आता मागचा माणूस बसवायचा. इथे तर मागचं काहीच नव्हतं. जावाही अजून टाकलेलं नव्हतं, आणि सहा हजार नोंदी एका डिस्कमध्ये, त्याच्या बॅगेत, डब्याशेजारी पडल्या होत्या.

दुपारचे दोन वाजले असतील. त्यानं नंबर टाकला. आता कोणता टाकायचा? जो तोंडपाठ होता तोच. चोवीसशे अठरा. सात वर्षं प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक बाटलीवर त्यानं लिहिलेला. खुशबूचा.

पाचशे तीन आला नाही.

पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. कुठेतरी काही घासल्याचा बारीक आवाज झाला. अंकुशला वाटलं, बाहेर कडुनिंबाची फांदी असेल. मग पान उघडलं... खुशबू उके, चोवीसशे अठरा, आंधळगाव. रक्तगट, औषधं, मागच्या पाच भेटींच्या तारखा, सगळं बरोबर. खाली, मागून कोणी आणून दिलं ते दाखवायला अंकुशनंच एक ओळ ठेवली होती. तिथे नाव होतं: डोमा.

पहिल्यांदा त्याला प्रविणचाच राग आला. कुठेतरी जुनं काही अडकवून ठेवलं असणार. त्यानं ती छोटी फाईल उघडली. त्यात मागच्या प्रोग्रामला त्यानं स्वतः दिलेलं एकच नाव होतं, 'नवीन'. त्यानं नेटवर्कची तार उपटली. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं आणि पुन्हा चोवीसशे अठरा टाकला. या वेळी तो चक्राकडे पाहत बसला नाही, कान देऊन बसला. पाठीमागच्या भिंतीपलीकडे कोणीतरी अनवाणी चालत होतं. पावलं दूर गेली, थांबली. लोखंडी रॅकवरून काहीतरी ओढलं गेलं. पावलं परत आली... आणि पान उघडलं. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या रोजनिशीत, लागलेला वेळ लिहून आला होता, अडतीस सेकंद. पहिल्या वेळीही अडतीसच. खोलीत ओल्या चुन्याचा आणि तंबाखूचा वास आला. अंकुशनं आयुष्यात खर्रा खाल्ला नव्हता. भैय्याजींनी दहा वर्षांपूर्वी सोडला होता.

भैय्याजी बाकावरून उठून उभे राहिले होते. त्यांच्या तोंडाकडे पाहून अंकुशनं कीबोर्डवरचा हात काढला.

"कोनाचा नंबर टाकला तुनं?" त्यांनी विचारलं.

"खुशबूचा. माह्या बहिनीचा. पाठ होता म्हनून..."

भैय्याजी परत खाली बसले. मग जे सांगितलं ते जमिनीकडे पाहत सांगितलं.

दर शनिवारी संध्याकाळी डोमा सोमवारच्या फायली काढून ठेवायचा. कधी कधी त्यांच्यासोबत एखादी जास्तीची फाईल निघायची, कोणीच न मागितलेली. ती तो दाराजवळच्या स्टुलावर वेगळी ठेवायचा. सुरुवातीला भैय्याजी त्याच्यावर खेकसायचे. डोमा म्हणायचा, हाक आली म्हणून काढली. मग हळूहळू भैय्याजींच्या लक्षात आलं, की स्टुलावर ज्याची फाईल आली, तो पेशंट पुन्हा खिडकीवर येत नसे. आठवड्याच्या आतच निरोप यायचा. तीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. शेवटच्या शनिवारी स्टुलावर डोमाची स्वतःचीच फाईल होती. सोमवारी तो आला नाही.

अंकुश शिकलेला पोरगा. असल्या गोष्टींना त्यानं घरी कधी थारा दिला नव्हता. दारावर कोणी ताईत-गंडे घेऊन आला तर त्याला पाणी पाजून वाटेला लावणारं त्याचं घर. योगायोग असेल, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलंही. तेवढ्यात फोन वाजला. आईचा.

सुलोचनाबाई ओरडणाऱ्या बाई नव्हत्या. पोरीची दुखणी काढून काढून त्यांचा आवाज सपाट झाला होता. पण आज तो कापत होता.

"बाबू, खुशबूचं दुखनं उठलं. दोन वाजतापासून. या खेपी छातीत म्हनते... श्वास नाही पुरून राहिला तिले."

गोळी दिली होती, उलटून पडली होती. शेजारच्या धनीरामची गाडी सांगितली होती, ती तुमसरहून निघाली होती. अंकुशनं विचारलं, दोन म्हणजे नक्की किती? आई म्हणाली, टीव्हीवर दोनच्या बातम्या लागल्या तेव्हा. त्यानं लॉगकडे पाहिलं. पहिली हाक, दोन वाजून एक मिनिट.

तो किल्ल्या उचलून दाराकडे धावला. भैय्याजींनी त्याचा हात धरला. म्हाताऱ्याच्या पकडीत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"तू जाशीन, आन् फाईल तथीच राहीन स्टुलावर," ते म्हणाले. "आधी ते वापस लाव."

"कशी लावू?"

"डोमा अशी वापस घेत नाही. चिठ्ठीवर दुसरा नंबर लिहून द्याव लागते. मंग हे ठेवते... ते आनते."

अंकुशनं विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत. भैय्याजींनी त्याचा हात सोडला.

"एका शनिवारी माह्या घरवालीची फाईल होती तथी," ते म्हणाले. "मी चिठ्ठी लिवली. ते आजही घरी हाये, सैपाक करते. ज्याचा नंबर लिवला त्याचं नाव मी आजून तोंडातून काढलो नाही. तिले बी सांगतलो नाही."

बाहेर पावसाचे थेंब पत्र्यावर वाजू लागले होते. अंकुशला त्या म्हाताऱ्याची दया आली आणि किळसही आली, आणि त्याच क्षणी समजलं की आपणही आता नंबरच शोधतो आहोत.

आधी त्याला वाटलं, मेलेल्याचा द्यावा. त्यात कोणाचं काय जातं? त्यानं भैय्याजींना मागच्या वर्षी गेलेल्या एखाद्याचा नंबर विचारला. त्यांनी मान हलवली, तरी सांगितला, अकराशे चार. अंकुशनं टाकला. भिंतीपलीकडे काहीच हललं नाही. पडद्यावर लगेच आकडा उमटला, पाचशे तीन.

"मेलेल्याइच्या फायली त्याच्यापाशीच हायेत," भैय्याजी हळूच म्हणाले. "त्या कायले आनन तो?"

फोन पुन्हा वाजला. आईचाच. फोन पोरीच्या तोंडाजवळ धरला असावा. एक ओढून घेतलेला श्वास, मग मधे फार मोठं अंतर, मग दुसरा. अंकुशनं त्या अंतरात मोजायला सुरुवात केली आणि घाबरून थांबला. सहा हजार दोनशे बारा माणसं. त्यातल्या कोणत्याही जिवंताचा आकडा टाकला की काम झालं. त्याचं बोट दोनावर गेलं, मागे आलं. चेहरे दिसू लागले. सोमवारी बाकावर बसणारे, खुशबूशी गप्पा मारणारे, त्याला भाऊ म्हणणारे...

आणि मग त्याचं कामातलं डोकं चाललं. इतके दिवस तेच त्याच्या मदतीला आलं होतं. यादी सहा हजार दोनशे बारावर संपते. त्याच्या पुढचा नंबर कोणाचाच नाही. मेलेल्याचा नाही, जिवंताचाही नाही. त्यानं अगदी लांबचा धरला, वर्षानुवर्षं कोणाला लागणार नाही असा. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.

त्यानं भैय्याजींकडे पाहिलं. "कोनाचाच नाही हा नंबर. चालन का?"

"मले नाही मालूम," भैय्याजी म्हणाले. "असं कोनी केलं नाही आतापर्यंत."

अंकुशनं बटण दाबलं.

भिंतीपलीकडे पावलं निघाली. आधी कुठेतरी काही सरकवून ठेवल्याचा आवाज झाला, जड फाईल रॅकमध्ये बसावी तसा. मग पावलं पुढे गेली. मागची खोली बारा पावलांची, भैय्याजींनी तीस वर्षं पाहिलेली. अंकुश मोजत होता. बारा झाली, वीस झाली, चाळीस झाली. पावलं जातच होती. आवाज बारीक होत गेला. खोलीची मागची भिंत संपून, बांध्या ओलांडून कोणीतरी दूर चाललं होतं, एका चालीनं, न थांबता. मग ऐकू येईनासं झालं. चक्र फिरत राहिलं.

पाच मिनिटांनी आईचा फोन आला. उलटी थांबली होती. खुशबूनं पाणी मागितलं होतं. धनीरामची गाडी दारात आली होती, तर पोरगी म्हणत होती, कायले नेता, मले झोपू द्या. अंकुश तिथंच, वायरींच्या पसाऱ्यात खाली बसला आणि मोठ्यानं रडला. त्याला लाज वाटली नाही.

पावलं परत आली ती बऱ्याच वेळानं, लांबून, थकल्यासारखी. पान उघडलं. वर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव, खाली सगळे रकाने कोरे. अंकुशनं ते घाईनं बंद केलं. वास गेला होता.

उरलेलं काम त्यानं भूत मागे लागल्यासारखं केलं, असं म्हणायची पद्धत आहे. त्या दिवशी ते शब्दशः खरं होतं. जावा टाकलं, टॉमकॅट बसवला, डिस्कमधल्या नोंदी भरल्या. मग भैय्याजींनी स्वतःच स्वतःच्या कार्डाचा नंबर टाइप करून पाहिला. अंकुशला नंबर टाकायचा धीर नव्हता. पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं, आणि खाली नाव आलं, 'नवीन'. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव अशी नोंद त्यानं साठ्यात शोधली. नव्हतीच. पाचला कुलूप लावून दोघं निघाले.

रात्री खुशबू उठून जेवली. दादा, तुझं तोंड काहून उतरलं, म्हणून तिनं चिडवलंही.

सोमवारी तो सकाळी आठलाच दवाखान्यात हजर झाला. पहिला दिवस आहे, अडचण आली तर असावं जवळ, असं त्यानं आईला सांगितलं. खिडकीवर दामिनी होती. नवी नोंदणी तीच करते, हुशार आणि हसतमुख मुलगी. जुने पेशंट भराभर निघाले. नव्या पेशंटांना पुढचा नंबर आपोआप मिळतो. पहिल्याला सहा हजार दोनशे तेरा मिळाला. दुसऱ्याला चौदा. प्रत्येक वेळी अंकुश दामिनीच्या खांद्यावरून पाहत होता आणि प्रत्येक वेळी त्याचा जीव भांड्यात पडत होता. दहा वाजता तो चहालाही गेला. कोरा नंबर, कोरा राहिला. आपण कोणाचं वाईट केलं नाही, असं त्यानं चहाच्या टपरीवर स्वतःला सांगितलं, आणि त्याला ते पटलंही.

परत आला तेव्हा खिडकीपाशी एक बाई उभी होती. पार्वताबाई, बपेऱ्याच्या. हातात लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली नऊ दिवसांची नात. सुनेला सिकल आहे, ती आत डॉक्टरांकडे तपासणीला. पोरीच्या टाचेचं रक्त तपासून तिचंही कार्ड काढायचं होतं. बाळ जागं होतं. इवलीशी मूठ उघडत होतं, मिटत होतं.

"सर, हे पाहा ना," दामिनी म्हणाली. "नंबर मधातच उडी मारून राहिला. पंधरा याले पाह्यजे, तं नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव आला."

अंकुश पुढे वाकला. पडद्यावर फॉर्म उघडला होता. रकाने कोरे होते. फक्त एक भरलेला होता.

"आन् मी तं आजून नाव टाइप केलंच नाही," दामिनी म्हणाली, आणि तिनं ते सवयीनं मोठ्यानं वाचलं. "दीपमाला."

पार्वताबाईंनी बाळावरचं फडकं सरळ करता करता वर पाहिलं. त्या घाबरल्या नव्हत्या. नवल वाटून हसत होत्या.

"बाई, हे नाव तुमाले कोनं सांगतलं?" त्यांनी विचारलं. "नाव तं गुरुवारी ठेवाचं हाये. हे तं काल दुपारी बसल्या बसल्या माह्या मनात आलं... म्या आजून कोनालेच नाही सांगतलं."

दामिनी अंकुशकडे वळली. सेव्ह करू का सर, तिनं विचारलं. तो कीबोर्डवर हात ठेवून थांबवू शकला असता. दुसरा नंबर टाकू शकला असता. यादीत आता सहा हजार दोनशे चौदा होते. त्याच्या डोळ्यांसमोर रात्री ताटावर बसलेली, चिडवणारी खुशबू आली.

तो गप्प राहिला. मागे रांग वाढत होती, म्हणून दामिनीनं सेव्ह केलं आणि पुढच्या पेशंटला आवाज दिला.